कमी चरबीची पाकिटे आणि ओट्यावरची नवी यंत्रे : फोंड्याच्या एका स्वयंपाकघरातला अनुभव

फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या किराणा दुकानात गेले तरी आता एक मांडणी अशी आढळते की तिच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पाकिटावर ‘लो फॅट’, ‘लाइट’, ‘डाएट’, ‘रोस्टेड’ किंवा ‘बेक्ड’ यांपैकी एखादा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. तिच्या शेजारीच बहुधा हवेवर तळणारी यंत्रे, तेलाच्या फवाऱ्याच्या बाटल्या आणि दोरी ओढून कांदा चिरणारी प्लास्टिकची भांडी रचलेली असतात. घरात कोणाच्या रक्ततपासणीचा अहवाल जरा वरचढ आला की माणसाची पावले आपोआप तिकडे वळतात. आमच्या यजमानांच्या अहवालानंतर आमच्याही घरात यातल्या बऱ्याच वस्तू आल्या. काही टिकल्या, काही माळ्यावर गेल्या, काहींची पाकिटे अर्धी संपण्याआधीच सादळली. कोणती वस्तू पैशाला जागली आणि कोणती नाही, ते येथे क्रमवार नव्हे, पण जमेल तितके स्पष्ट लिहिते.

आधी पाकिटांविषयी. पाकिटाच्या दर्शनी भागावरचे सगळे शब्द सारख्या वजनाचे नसतात, हे दुकानात उभे असताना ध्यानात ठेवले तर निम्मा खर्च तिथेच वाचतो. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार ‘लो फॅट’ हा दावा करायचा असेल तर घन पदार्थात १०० ग्रॅममागे चरबी ३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये आणि द्रव पदार्थात १०० मिलिलीटरमागे दीड ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. ‘फॅट फ्री’ म्हणायचे तर ही मर्यादा अर्ध्या ग्रॅमवर येते. ‘अमुक टक्के कमी चरबी’ हा दावा मात्र तुलनेचा असतो आणि त्यासाठी मूळ पदार्थापेक्षा २५ टक्के घट पुरेशी धरली जाते. म्हणजे ज्या बटाट्याच्या वेफर्समध्ये १०० ग्रॅममागे ३४ ग्रॅम चरबी आहे, त्यांचा हलका भाऊ साडेपंचवीस ग्रॅमवरही हा मान मिळवू शकतो. आणि ‘रोस्टेड’ किंवा ‘बेक्ड’ हे शब्द तर केवळ कृती सांगतात, चरबीविषयी ते काहीच कबूल करत नाहीत. भाजलेल्या चिवड्यात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप सढळ हाताने घातले असतील, तर चिवडा तळला नाही म्हणून त्यातली चरबी कुठे जात नाही. शेंगदाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच असते.

म्हणून पाकीट उलटे करून मागचा तक्ता वाचावा. त्यात १०० ग्रॅमचा रकाना पाहावा, ‘प्रति सर्व्ह’चा नव्हे, कारण उत्पादकाची एक ‘सर्व्ह’ कधीकधी वीस ग्रॅमची असते आणि दुपारच्या चहाबरोबर वीस ग्रॅम चिवड्यावर थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. रोजच्या गरजेच्या टक्केवारीसाठी या तक्त्यांत २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे आकडे आधार म्हणून धरलेले असतात. यातले संपृक्त चरबीचे २२ आणि सोडियमचे २००० हे दोन आकडे आमच्या घरात सर्वांना पाठ झाले आहेत, कारण गोमंतकीय जेवणात नारळामुळे पहिला आणि या पाकिटांमुळे दुसरा लवकर भरतो.

मिठाचा मुद्दा सर्वांत ठळकपणे दिसतो तो झटपट सूप आणि मसाला ओट्समध्ये. चरबी नावापुरती असते, दावा अगदी खरा असतो, पण चव कुठून तरी आणावीच लागते आणि ती मिठातून, मक्याच्या स्टार्चमधून आणि साखरेतून येते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ, एवढा हिशेब मनाशी ठेवला की पुरे. आम्ही आणलेल्या टोमॅटो सूपच्या एका वाटीत दिवसाच्या मिठाचा चौथा हिस्सा निघाला, आणि ज्यांच्यासाठी ते आणले त्यांना रक्तदाबाचीही गोळी चालू आहे. ते सूप पुन्हा घरात आले नाही. ओट्सचे मात्र तसे नाही. साधे, बिनमसाल्याचे ओट्स आणून त्यांत गाजर, मटार आणि चिमूटभर मिरपूड घातली की पाच मिनिटांत तेच काम स्वस्तात होते. चवीला ते उकड्या तांदळाच्या पेजेची सर कधीच गाठणार नाहीत, पण सकाळी सातच्या बसला जाणाऱ्या माणसाला पेज निवेपर्यंत थांबायला सवड नसते.

हलके मेयोनेझ आणि कमी चरबीचे चीज यांच्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. पहिल्यात तेलाच्या जागी पाणी आणि स्टार्च असते, दुसरे तव्यावर वितळत नाही. कमी चरबीचे पनीर रबरासारखे लागते. ते घ्यायचेच असेल तर कुस्करून भुर्जीत घालावे, तुकडे ठेवू नयेत.

खाखरा आणि डाएट चिवड्याविषयीची तक्रार वेगळी आहे आणि ती कंपन्यांपेक्षा आपल्या हवेची जास्त आहे. मृगापासून श्रावणापर्यंत गोव्यात फोडलेले पाकीट दोन दिवसही कुरकुरीत राहत नाही. तेलात तळलेला चिवडा निदान तेलाच्या थराने थोडा तग धरतो, कोरडा भाजलेला चिवडा मात्र हवेतला ओलावा भराभर ओढून घेतो. चिकटपट्टीचे तोंड असलेले एक महागडे पाकीट दुकानातूनच सादळून आले होते. ते परत करायला गेले तेव्हा दुकानदाराने “बाय, पावसात हे असंच असतं” म्हणून हात झटकले. पावसाळ्यात हा माल लहान पाकिटांतच घ्यावा आणि फोडल्यावर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

आता ज्या पाकिटांनी खरोखर उपयोग दिला ती सांगते. त्यांत पहिले नाव डबल टोन्ड दुधाचे. त्यात स्निग्धांश दीड टक्का आणि स्निग्धेतर घनपदार्थ ९ टक्के असावेत असा मापदंड आहे, तर फुल क्रीम दुधात स्निग्धांश ६ टक्के. म्हणजे चहापासून दह्यापर्यंत घरात रोज एक लिटर दूध लागत असेल, तर एवढ्या एका बदलाने सुमारे ४५ ग्रॅम चरबी घराबाहेर राहते, आणि त्यासाठी कोणाला जिभेवर पाणी सोडावे लागत नाही. या दुधाचे दही पातळ लागते अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. दूध किंचित आटवून घेतले किंवा विरजण लावताना लिटरमागे दोन चमचे साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली, की सुरीने कापता येईल इतके घट्ट दही लागते. हवाबंद कपातल्या ‘शून्य फॅट’ दह्याला त्याच्या कित्येक पट पैसे पडतात, आणि फळांच्या चवीचे असेल तर साखरेचा रकाना वाचून मन खट्टू होते ते निराळेच.

नारळाच्या रसाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि आपल्यासाठी तेच मुख्य आहे. ताज्या खोबऱ्यात वजनाच्या सुमारे एक तृतीयांश चरबी असते आणि ती बहुतांश संपृक्त असते. हुमणासाठी, म्हणजे माशाच्या नारळी कालवणासाठी, माणशी ५० ग्रॅम खवलेले खोबरे वाटले गेले, तर त्यातच १७ ग्रॅमच्या आसपास चरबी आली, म्हणजे २२ ग्रॅमच्या मर्यादेचा मोठा भाग दुपारच्या एका वाटीत संपला. हे ध्यानात आल्यावर मी खोक्यातला ‘लाइट’ नारळरस आणून पाहिला. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात नारळरसासाठी किमान १० टक्के आणि हलक्या नारळरसासाठी किमान ५ टक्के स्निग्धांश सांगितला आहे; हलका रस म्हणजे मुळात जास्त पाण्याचा रस. चवीला तो वाईट नव्हता, फक्त उकळी आल्यावरही फुटू नये म्हणून घातलेल्या डिंकामुळे किंचित गुळगुळीत लागला आणि ताज्या नारळाचा गोडवा त्यात नव्हता. परंतु आपल्या घरांत पहिला घट्ट रस आणि दुसरा-तिसरा पातळ रस वेगळा काढण्याची रीत पूर्वीपासून आहे, आणि हा खोक्यातला माल म्हणजे त्या दुसऱ्या रसाचाच बाजारी अवतार. घरी पातळ रसात कडी (कालवण) शिजवावी आणि शेवटी घट्ट रसाची एखादी पळी वरून सोडावी. चवीत फारसा फरक पडत नाही, आणि खोक्याचे पैसे वाचतात. सोलकढीच्या बाबतीत तर तडजोडीची गरजच नाही. नारळाचा रस न घालता नुसत्या सोलांच्या पाण्याला हिंग, मिरची आणि कोथिंबीर लावून केलेली फुटी कढी ही बाजारातल्या कोणत्याही ‘लो फॅट’ पेयापेक्षा सरस आहे, आणि तिच्यावर कसलेही लेबल नाही.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गोठवलेल्या फिश फिंगर्सची पाकिटे बरीच खपतात. ‘एअरफ्रायरमध्येही करता येतात, तेल नको’ असे त्यांवर लिहिलेले असते आणि ते खरेही आहे, परंतु याचे कारण असे की बहुतेक फिंगर्स कारखान्यातच एकदा तेलातून काढलेले असतात. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, तेव्हा मासा पहिल्या क्रमांकावर आहे की मैदा, आणि खाद्यतेल यादीत कितव्या स्थानी आहे, एवढे पाहिले तरी पाकिटाची लायकी कळते. मुलांच्या डब्यासाठी अडीअडचणीला ठीक. माशाची तहान त्याने भागत नाही.

आता यंत्रांकडे वळते. एअरफ्रायर हा तळणारा नसून भाजणारा आहे: वर तापलेली तार, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, आणि खाली जाळीची टोपली, एवढेच त्याचे अंतरंग. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या इफा प्रदर्शनात तो प्रथम मांडला. आता पाच-सहा हजारांच्या आत कितीतरी नमुने मिळतात. त्यातून तळणाची चव अपेक्षिली तर निराशा ठरलेली आहे. भाजणीचे लहानसे यंत्र म्हणून पाहिले तर मात्र तो ओट्यावरची जागा कमावतो.

बांगड्यावर तो चांगला चालतो. चतुर्थीनंतरच्या हंगामातला भरलेला बांगडा स्वतःच इतका तेलकट असतो की त्याला वरून तेल लागतच नाही. चिरा देऊन रेशाद, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाटलेला लाल मिरचीचा मसाला भरून १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवला, की कातडी फुगून तडतडते आणि खालच्या ताटलीत माशाचे पिवळसर तेल साचलेले स्पष्ट दिसते. तव्यावर हेच तेल मसाल्यात मुरून परत ताटात येते. मसाला मात्र पातळ असू नये, नाहीतर व्हिनेगरचे पाणी टोपलीतून गळते आणि मसाल्यातली साखर कडांना करपते. तो घट्ट वाटून आत दाबून भरावा. रवा लावलेल्या माशाची गोष्ट निराळी. कोरड्या रव्याला तेलाचा स्पर्श झाला नाही तर तो हवेने तांबूस होत नाही, पांढराच राहतो आणि दातांखाली कच्चा कचकचतो. म्हणून रवा लावल्यावर दोन्ही बाजूंनी तेलाचा हात फिरवावाच लागतो. सिलिकॉनच्या ब्रशने चमचाभर तेलात चार तुकडे होतात, तव्यावर तेवढ्याला तीन-चार चमचे लागतात. निरफणसाच्या आणि सुरणाच्या फोडी याच रीतीने उत्तम होतात. माझ्या मते या यंत्राची खरी कमाई बांगड्यापेक्षाही निरफणसाच्या फोडींत आहे, कारण आतला मऊपणा तव्यावर असा एकसारखा येत नाही.

जे होत नाही तेही सांगायला हवे. ओल्या पिठाची भजी टोपलीच्या जाळीतून गळून खाली चिकटतात. पापड पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या तारेला जाऊन लागतो आणि धूर करतो. पापड जाळावरच भाजावा. चतुर्थीला मी थोड्या नेवऱ्या (करंज्या) तेलाचा हात लावून यंत्रात केल्या. सासूबाईंनी एक मोडून पाहिली आणि म्हणाल्या, “अगो, खुसखुशीत झालंय, पण हे बिस्किट झालं, नेवरी नव्हे. नैवेद्याचं कढईतच कर.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, मोहनाच्या पारीला तेलात येणारे फोड कोरड्या हवेत येत नाहीत. कालची पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) मात्र पाण्याचा हलका हबका मारून दोन-तीन मिनिटे ठेवली की तिचे कवच पुन्हा कडक होते, आणि पोदेर, म्हणजे पाववाला, आला नाही त्या दिवशी हा गुण फार कामाला येतो.

विकत घेण्याआधी भिंतीवरचा प्लग पाहावा, ही सूचना मला कोणत्याही दुकानात कोणी दिली नाही. १५०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपियर ओढते आणि जुन्या घरांतले बहुतेक साधे प्लग ६ अँपियरचे असतात. त्याला १६ अँपियरचाच प्लग हवा, आणि दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर ते मुळीच लावू नये. विजेच्या बिलाची धास्ती मात्र अनाठायी आहे, वीस मिनिटांच्या वापराला फार तर अर्धा युनिट जातो. ‘चौघांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चार लिटरच्या टोपलीत मध्यम आकाराचे चार बांगडे एकमेकांना न चिकटता मावत नाहीत, तेव्हा पाहुणे आले की तवा काढावाच लागतो. वीज गेली की तोच तवा. पावसाळ्यात हे वारंवार घडते.

तेलाच्या फवाऱ्याचे दोन प्रकार मिळतात. दाबाच्या डब्यातल्या फवाऱ्यावर प्रत्येक दाबामागे ‘शून्य कॅलरी’ असे लिहिलेले असते, ते खरे ठरते केवळ एका दाबाची मात्रा इतकी सूक्ष्म धरल्यामुळे. तेल हे तेलच असते आणि ग्रॅममागे ९ किलोकॅलरी देतेच. शिवाय पदार्थ चिकटू नये म्हणून त्यात घातलेल्या लेसिथिनचा चिकट थर नॉनस्टिक तव्यावर बसतो आणि घासूनही जात नाही. पंपाची काचेची बाटली त्यापेक्षा बरी. मात्र खोबरेल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की २४ अंशांच्या आसपास खोबरेल गोठू लागते आणि डिसेंबरच्या पहाटे बाटलीची नळी मेणबत्तीसारखी बंद होते. मग ती कोमट पाण्यात धरून बसावे लागते. त्या दिवसांत ब्रशच बरा.

नारळ खवण्याचे हातयंत्र, ज्याच्या तळाला रबरी चोषक असतो आणि बाजूचा दांडा फिरवला की पाती फिरतात, ते गुळगुळीत ग्रॅनाइटवर ओला फडका फिरवून ठेवले तर घट्ट बसते. कडाप्प्याच्या खरबरीत ओट्यावर ते दर चार फेऱ्यांनी सुटते. गुडघेदुखीमुळे आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसता न येणाऱ्यांसाठी ते वरदान आहे. परंतु खोबरे सोपे झाले की जास्त पडते, हाही अनुभव आहे, आणि करवंटीलगतचा तपकिरी थर आदोळीवर हाताने टाळता येतो तसा यात टाळता येत नाही. दोरीचा चॉपर कांद्याला चांगला, टोमॅटोला वाईट, कोथिंबिरीला अगदीच वाईट.

सर्वांत कमी किमतीत सर्वांत जास्त काम कोणी केले असेल तर ते तीन-चारशे रुपयांच्या डिजिटल वजनकाट्याने. तेलाची बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, फोडणीला तेल घालायचे आणि बाटली परत ठेवायची. उणे जेवढे दिसेल तेवढे कढईत गेले. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १३ ते १४ ग्रॅम आणि सुमारे १२० किलोकॅलरी, पण आपण टेबलस्पूनने तेल घालत नाही, बाटली तिरकी करून घालतो, आणि अल्सांद्यांच्या तोणकाला (चवळीच्या नारळी उसळीला) असा हात किती सैल पडतो ते काटा लगेच सांगतो. खोबरेही वजन करूनच वाटायला घेतले की वाटीच्या ‘भरून’ आणि ‘शिगोशीग’ यांतला फरक उघड होतो. आमच्याकडे पाकिटांनी वाचवलेली चरबी आणि काट्याने वाचवलेली चरबी यांची तुलना करायची तर दूध सोडून बाकीची पाकिटे त्याच्या जवळपासही येत नाहीत.

काटा घेताना एक ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि पाच किलोपर्यंत वजन पेलणारा घ्यावा, नाण्यासारख्या चपट्या सेलपेक्षा साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असल्यास उत्तम, आणि वरची तबकडी काढून धुता येते का ते पाहावे, कारण ओल्या खोबऱ्याचा चिकटा एकदा बटणांच्या फटीत गेला की ती बटणे पुन्हा धड चालत नाहीत. एअरफ्रायर मात्र दोन-तीन माणसांच्या घराने, आठवड्यातून निदान दोनदा मासे किंवा फोडी होत असतील तरच घ्यावा. एकत्र कुटुंबाने तेच पैसे जाड बुडाच्या चांगल्या तव्यावर घालावेत.